तेरा-चौदा वर्षांचं मूल लिहायला तयार नाही: घरशाळेसाठी लेखनाचा अभ्यासक्रम कसा निवडायचा

सातवी-आठवीत शाळा सोडून घरी शिकायला लागलेल्या मुलांच्या पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. गणित चाललंय, विज्ञान तर आवडीनं करतो, पण वही समोर ठेवली की सगळं बंद. पाच ओळींना तासभर लागतो, शेवटी रडारड किंवा दार आपटणं. मग पालक चांगला अभ्यासक्रम शोधू लागतात आणि पर्यायांच्या गर्दीत हरवतात. आमच्या घरी मुलगा तेरा वर्षांचा असताना आम्ही या सगळ्यातून गेलो. तुमचा वेळ, पैसा आणि मुख्य म्हणजे मुलाचा उरलासुरला उत्साह वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अभ्यासक्रम इयत्तेवरून निवडायचा नसतो. मूल नेमकं कुठे अडतंय त्यावरून निवडायचा असतो. आठवीचं मूल वाक्य जोडण्यात अडत असेल तर आठवीचं निबंधाचं पुस्तक त्याच्या काहीच कामाचं नाही.

सुरुवातीला हाताशी काय लागेल

- आवाज रेकॉर्ड होईल असा फोन
- मुलाच्या जुन्या वह्या, विशेषतः भाषेच्या आणि परिसर अभ्यासाच्या (फेकून देऊ नका)
- शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार कार्ड, शेवटच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक
- आधी डोळ्यांची, कानांची किंवा मानसशास्त्रीय तपासणी झाली असेल तर ते अहवाल
- रुंद ओळींची साधी वही, मऊ शिशाची पेन्सिल आणि एक जाड फाईल

कागदपत्रांचा लेखनाशी काय संबंध, असं वाटेल. तो दुसऱ्या आणि शेवटच्या पायरीत आहे.

१. गाडं कुठे अडलंय ते शोधा

लिहिणं हे एक काम वाटतं, पण त्यात चार-पाच कामं एकाच वेळी चालू असतात. काय सांगायचं ते सुचणं, ते क्रमानं लावणं, त्याचं वाक्य बनवणं, शब्दांतली अक्षरं आठवणं आणि हातानं ती कागदावर काढणं. मोठ्यांची शेवटची दोन कामं आपोआप होतात. अडणाऱ्या मुलाची तिथेच सगळी ताकद संपते आणि विचाराला काही उरत नाही.

हे वेगळं करून बघण्यासाठी चार छोट्या गोष्टी करा. एका दिवशी सगळ्या नकोत, दोन-तीन दिवसांत विभागून करा.

पहिली: मुलाला त्याच्या आवडीच्या कामाबद्दल बोलू द्या आणि त्याला सांगून रेकॉर्ड करा.
दुसरी: दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर लिहायला सांगा, वेळेचं बंधन न घालता.
तिसरी: पाठ्यपुस्तकातला सात-आठ ओळींचा उतारा बघून लिहायला द्या.
चौथी: तसाच दुसरा उतारा तुम्ही सांगा, त्यानं ऐकून लिहायचा.

आमच्याकडे विषय होता सायकल. बोलताना मुलगा म्हणाला, "आधी चेन दात्यांवर बसवली, पण परत निसटली, कारण ती सैल झाली होती. मग मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले केले, चाक थोडं मागे ओढलं, सरळ बसलंय का ते बघितलं आणि नट परत आवळले." दुसऱ्या दिवशी वहीत आलं ते असं: "माझी सायकल खराब झाली. मी ती नीट केली. मला मजा आली."

हे दोन नमुने शेजारी ठेवले की बरंच कळतं. क्रम, कारण, तपशील सगळं डोक्यात शाबूत आहे. म्हणजे ज्या अभ्यासक्रमात 'कल्पना कशा सुचवाव्यात' यावर पहिले दोन महिने जातात, तो या मुलासाठी नाही.

बाकीचे निष्कर्ष साधारण असे काढता येतात. बघून लिहितानाही हात दुखत असेल, अक्षरं ओळीबाहेर जात असतील, दर दोन अक्षरांनी मान वर करून पाहावं लागत असेल, तर अडचण हात-डोळ्यांच्या पातळीवर आहे. बघून नीट लिहितो पण ऐकून लिहिताना काना-मात्रा गळतात, जोडाक्षरं मोडतात, घ-ध किंवा भ-म यांची अदलाबदल होते, तर अडचण आवाज आणि अक्षर यांच्या जोडणीत आहे. दोन्ही ठीक, पण स्वतःचं लिहिताना तीन शब्दांचीच वाक्यं, तर वाक्यरचनेवर काम हवं. आणि बोलतानाही "काही नाही, असंच" एवढंच येत असेल, तर लेखन बाजूला ठेवून काही महिने वाचून दाखवणं, गप्पा आणि ऐकलेली गोष्ट परत सांगणं यांवर घालवा.

सापळा: ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बघून घाबरून जाऊ नका. 'गरीब'मधली वेलांटी पहिली काढणारे पदवीधर पुष्कळ आहेत. वेलांटी-उकाराची चूक आणि 'पुस्तक'चं 'पुतस' होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या चुका तेराव्या वर्षी सातत्यानं दिसत असतील तर पुढची पायरी टाळू नका.

२. तपासणी करून घ्यायची असेल तर ती आत्ताच

'मोठा झाला की येईल' हे वाक्य नातेवाईक फार प्रेमानं म्हणतात. पण तेरा-चौदाव्या वर्षी तपासणी पुढे ढकलण्यात तोटाच आहे, कारण दहावी तोंडावर येते.

आधी डोळे आणि कान. मग गरज वाटली तर अध्ययन अक्षमतेची चाचणी, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा हिशेब शिकण्यात अडचण येते का याची. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि तिचा अधिकृत दाखला असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती) अशा सवलती मागता येतात. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम इथे अशी तपासणी होते. इतर जिल्ह्यांत सुरुवात जिल्हा रुग्णालयात चौकशी करून करा. खासगी समुपदेशकाचा अहवाल तुम्हाला मूल समजून घ्यायला उपयोगी पडतो, पण परीक्षा मंडळाला तो चालेलच असं नाही. पैसे भरण्याआधी "हा दाखला मंडळ स्वीकारतं का?" हे थेट विचारा.

आणखी एक विचारा: चाचणी कोणत्या भाषेत घेणार? घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, अशा मुलाची फक्त इंग्रजीत चाचणी घेतली तर चित्र अर्धवट येतं. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरनं तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. तज्ज्ञांना तिच्याबद्दल माहिती आहे का हे विचारायला संकोच करू नका.

दाखला हातात आला की त्याची मुदत कधी संपते ते लगेच बघून ठेवा. रांगा मोठ्या असतात.

हाताची अडचण निघाली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हाताच्या हालचालींवर आणि रोजच्या कामांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा आणि त्याच वेळी टायपिंग सुरू करा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे आठवडे जातात, पण एकदा बोटांत बसला की आयुष्यभर पुरतो. बोलून टाइप करण्याची सोय फोनवर आणि गूगल डॉक्सवर मराठीत आहे. पहिला कच्चा मसुदा बोलून, दुरुस्ती हातानं, अशी विभागणी बऱ्याच मुलांना मानवते. यात फसवणूक काही नाही. विचार मुलाचाच असतो.

३. भाषा ठरवा, एकच

दोन्ही भाषांत एकदम लेखन सुधारायला जाऊ नका. मूल ज्या भाषेत चिडून भांडतं, त्या भाषेत आधी लिहू दे. परिच्छेद म्हणजे काय, आधी काय सांगायचं आणि नंतर काय, कारण कसं द्यायचं, हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेत नेता येतं.

इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांची पंचाईत वेगळी असते. बोलतात मराठी, लिपी दोन्ही अर्धवट, आणि 'इंग्रजीत लिही' हा दबाव कायमचा. अशा मुलाला मराठीत सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या आणि मग दोघांनी मिळून इंग्रजीत उतरवा. परदेशातल्या मराठी घरांत हेच उलटं चालेल: लेखनाचा मुख्य अभ्यास इंग्रजीत आणि मराठी बोलण्या-वाचण्यापुरती, जोडीला आजी-आजोबांना चार ओळी. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथला अभ्यास वेगळा ठेवा. लेखनाच्या दुरुस्तीचं ओझं त्यावर टाकू नका.

४. पुढे कोणती परीक्षा, याचा अंदाज घ्या

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. त्यात घरशाळेसाठी स्वतंत्र तरतूद नाही, त्यामुळे बहुतेक कुटुंबं पुढे मुक्त विद्यालयाच्या वाटेनं जातात. त्यातली जास्त वापरली जाणारी वाट म्हणजे एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे दहावीच्या पातळीला प्रवेशासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, माध्यम मराठी घेता येतं आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. आणि राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म.

लेखनाच्या दृष्टीनं यांत फरक पडतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत: पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. एनआयओएसमध्ये घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना, म्हणजे टीएमएला, २० टक्के भार आहे. सावकाश लिहिणाऱ्या मुलाला हा दुसरा प्रकार फार सोयीचा, कारण तिथे घड्याळ नसतं.

तेराव्या वर्षी हे फक्त माहीत असू द्या. परीक्षेचा नमुना आत्ता मुलासमोर ठेवायचा नाही.

५. तयार अभ्यासक्रमांचे प्रकार ओळखा

इंग्रजीत लेखनाचे तयार अभ्यासक्रम भरपूर आहेत, बहुतेक अमेरिकन होमस्कूलिंग कुटुंबांसाठी बनवलेले. नावांच्या मागे न लागता त्यांची पद्धत बघा. ढोबळमानानं तीन घराणी आहेत.

चौकट देणारे. 'इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग' हे यातलं गाजलेलं नाव. मुलाला तयार उतारा मिळतो, प्रत्येक वाक्यातले दोन-तीन कळीचे शब्द तो टिपतो, उतारा बाजूला ठेवून त्या शब्दांवरून तोंडी सांगतो आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहितो. काय लिहायचं हा प्रश्नच उरत नाही, कसं लिहायचं एवढंच राहतं. कोरं पान बघून गोठणाऱ्या मुलासाठी ही पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. तिचा दोष असा की अमुक प्रकारचं क्रियाविशेषण घाला, तमुक प्रकारचं वाक्य घाला, अशी तपासयादी असते आणि यादी पूर्ण करण्याच्या नादात लेखन कृत्रिम होतं. यादीतली एक-दोन कलमंच ठेवली तर हे टळतं.

मोकळीक देणारे. 'ब्रेव्ह रायटर' या धाटणीचं आहे. ठरावीक वेळ न थांबता, चुकांची पर्वा न करता लिहायचं, त्यातलं आवडेल तेच पुढे नेऊन सुधारायचं, आणि पालक हा मुलाचा सहकारी. शाळेत लाल शाईनं दुखावलेलं, 'मला येतच नाही' असं ठरवून बसलेलं मूल इथे हळूहळू सैलावतं. पण अक्षर-आवाजाची किंवा हाताची खरी अडचण असेल तर नुसत्या मोकळेपणानं ती सुटत नाही, आणि पालकाकडून वेळ बराच जातो.

पायरीपायरीनं चढणारे. बघून लिहिणं, ऐकून लिहिणं, ऐकलेलं सांगणं आणि मग परिच्छेद, असा यांचा क्रम असतो. 'रायटिंग विथ ईज' आणि त्यापुढचं 'रायटिंग विथ स्किल' हे याचं उदाहरण. यातला पहिला संच लहान मुलांसाठी आहे. पद्धत अडणाऱ्या किशोरालाही लागू पडते, पण उतारे आणि चित्रं 'छोट्यांची' दिसली की तेरा वर्षांचं मूल अपमान समजतं. तेव्हा पद्धत घ्या आणि उतारे त्याच्या वयाचे शोधा. दुसरा संच मुलानं स्वतः सूचना वाचून करायचा असतो. वाचनही कच्चं असलेल्या मुलाला तो जड जातो.

निवडताना संशोधनाचा एक आधार जवळ ठेवण्यासारखा आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. लेखनाच्या पायऱ्या उघडपणे शिकवणं आणि सारांश लिहायला शिकवणं यांचा परिणाम ठळक दिसला, वाक्यं जोडण्याच्या सरावाचा मध्यम पण चांगला. सुटं, पुस्तकी व्याकरण शिकवून लेखन सुधारल्याचं दिसलं नाही, उलट परिणाम नकारात्मक होता. तेव्हा ज्या संचाची निम्मी पानं 'नाम ओळखा, सर्वनाम अधोरेखित करा' यांनी भरली आहेत, तो लेखनाचा अभ्यासक्रम म्हणून घेऊ नका.

सापळा: वर्षभराचा पूर्ण संच सवलतीत मिळतो म्हणून एकदम घेणं. डॉलरमधली किंमत, त्यावर टपाल आणि सीमाशुल्क, आणि एवढं करून तिसऱ्या धड्यावर मूल अडलं की तो संच कपाटात जातो. बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळावर नमुना धडे असतात. तेवढ्यावर आधी काम करा.

६. मराठीसाठी संच स्वतः जुळवा

मराठीत अडणाऱ्या किशोरांसाठी पायरीपायरीचा तयार लेखन अभ्यासक्रम बाजारात शोधत बसण्यापेक्षा तो घरी जुळवणं सोपं आहे. साहित्य जवळजवळ फुकट आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तक मंडळाचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. त्यातले माहितीपर लेख तेरा वर्षांच्या मुलाला बालिश वाटत नाहीत, ही मोठी सोय. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर वाचनपातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. वाचन कच्चं असेल तर तिथून सुरुवात करा.

पद्धत म्हणून वरचं कळीच्या शब्दांचं तंत्र मराठीत जसंच्या तसं चालतं. एक उतारा घेऊन दाखवते:

"शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरच्या जंगलात तो उंच झाडांच्या शेंड्यांवर राहतो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. काड्या आणि पानं वापरून तो एकापेक्षा जास्त घरटी बांधतो. फळं आणि बिया हे त्याचं मुख्य अन्न."

मुलानं टिपायचं ते एवढंच:

शेकरू – राज्यप्राणी
भीमाशंकर – उंच – शेंडे
जमीन – क्वचित
काड्या-पानं – बरीच – घरटी
फळं – बिया

उतारा बंद. या शब्दांवरून आधी तोंडी सांगायचं, वाक्यं मोडली तरी चालेल. लेखन दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे आलेलं लेखन असं होतं: "महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणजे शेकरू. भीमाशंकरला गेलात तर वर बघा, कारण तो झाडाच्या शेंड्यावर असतो. खाली येतच नाही जवळजवळ. त्याचं घरटं एक नसतं, बरीच असतात, काड्यांची आणि पानांची." खाद्य राहून गेलं, पण 'वर बघा' हे मूळ उताऱ्यात कुठेच नाही. ते मुलाचं स्वतःचं आहे. अशा ठिकाणी बोट ठेवून "हे छान आलंय" असं सांगा, राहिलेल्या ओळीबद्दल त्या दिवशी बोलू नका.

दुसरा भाग वाक्यं जोडण्याचा. मराठीत याची हत्यारं फार सुंदर आहेत आणि ती मुलाच्या तोंडात आधीपासून असतात: -ऊन, -ताना, -लेला, म्हणून, कारण, जो-तो, जेव्हा-तेव्हा. रोज तीन सुटी वाक्यं द्या.

"पाऊस पडत होता. बाबा आले. बाबा भिजले होते."

यातून "पावसात भिजलेले बाबा घरी आले" होईल, "पाऊस पडत असताना बाबा भिजून आले" होईल, "बाबा भिजले, कारण ते आले तेव्हा पाऊस पडत होता" हेही होईल. बरोबर उत्तर एक नाही. तोंडी तीन-चार पर्याय काढायचे, आवडलेला एकच लिहायचा. आठवड्याला एकच हत्यार घ्या. -ताना चालू आहे तर सात दिवस -ताना.

शुद्धलेखनासाठी वेगळा तास नको. महिन्याला एक नियम पुरे. उदाहरणार्थ, मराठी शब्दात शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: गरीब, बहीण, फूल. आणि प्रत्यय लागला की तीच ऱ्हस्व: गरिबाला, बहिणीनं, फुलात. महिनाभर मुलाच्या लेखनात फक्त हेच तपासायचं, बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. सोडून देणं पालकांना फार जड जातं, हे मला माहीत आहे. तरीही.

सापळा: बाजारातल्या निबंधमाला. 'मी पंतप्रधान झालो तर' पाठ करून उतरवलेलं मूल लिहायला शिकत नाही, उलट स्वतःचं लिहिलेलं कमी दर्जाचं असतं हे मात्र शिकतं. चॅटबॉटकडून परिच्छेद लिहून घेण्याचंही तेच. प्रश्न विचारून घेण्यासाठी तो वापरा, वाक्यं लिहून घेण्यासाठी नको.

७. पंधरा दिवस चालवून बघा, मग ठरवा

कोणताही संच असो, तुमचा असो वा विकतचा, पंधरा दिवस रोज वीस मिनिटं. त्याहून जास्त नको, वाक्य अर्धं राहिलं तरी वेळ संपली की थांबायचं. या काळात गुण द्यायचे नाहीत. बघायचं ते हे:

- सुरू करायला लागणारा वेळ कमी होतोय का?
- सूचना मुलाला स्वतः कळतात, की प्रत्येक वेळी तुम्हीच समजावताय?
- लेखन बोलण्याच्या जरा जवळ सरकतंय का?
- तुम्हाला ते रोज झेपतंय का?

शेवटचा प्रश्न दुय्यम नाही. नोकरी, घर, धाकटं भावंड हे सगळं सांभाळून रोज तासभर तयारी मागणारा अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी श्रावणापर्यंत बंद पडतो.

आणि निवडीत मुलाला घ्या. दोन नमुने समोर ठेवून "यातलं कुठलं कमी वाईट वाटतं?" एवढं विचारलं तरी चालतं. तेरा वर्षांच्या मुलावर लादलेला अभ्यासक्रम टिकत नाही.

८. वाचणारं कुणीतरी हवं

आई वाचणार म्हणून कुणी लिहीत नाही. पोस्टकार्ड आणून ठेवा. जागा कमी, त्यामुळे भीती कमी, आणि पलीकडे खरा वाचक. गावच्या आजोबांना "विहिरीला पाणी किती आहे?" असं विचारलं की उत्तर येतं आणि उत्तराला उत्तर द्यावंसं वाटतं. सायकल दुरुस्त करणारं मूल असेल तर धाकट्या चुलतभावासाठी चेन बसवण्याची कृती लिहू दे. खोटी पत्रं, म्हणजे 'मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज' वगैरे, परीक्षेच्या वर्षी शिकायला एक आठवडा पुरतो.

९. दहावीकडे वळताना

फाईलमध्ये दर महिन्याचा एक नमुना तारीख घालून ठेवत जा, मुलानं बोललेल्या रेकॉर्डिंगच्या तारखेसकट. वर्षभरानं अभ्यासक्रम बदलायचा की पुढे न्यायचा, हे त्यावरून ठरवणं सोपं जातं. तज्ज्ञांकडे पुन्हा तपासणीला गेलात तर तेही हेच मागतात.

सवलतीचा अर्ज परीक्षेच्या अर्जाबरोबरच करावा लागतो, हॉल तिकीट आल्यावर नाही. कोणती सवलत मागायची याचा विचार आधी करा. काही मुलांना लेखनिकापेक्षा जादा वेळच जास्त उपयोगी पडतो. लेखनिक घ्यायचा ठरला तर साधारणपणे तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून ओळखीतला मुलगा किंवा मुलगी आधीच शोधून ठेवा. आणि दोघांचा एकत्र सराव घ्या, परीक्षेआधी निदान दोन-तीन महिने. सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं: पूर्णविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, खोडायचं काय, हे सगळं मुलानं मोठ्यानं सांगायचं असतं आणि लेखनिकाचा हात चालेल त्या वेगानं सांगायचं असतं. रोजच्या वीस मिनिटांपैकी पाच मिनिटं त्यासाठी काढा, लेखनिक तुम्ही व्हा, आणि मुलानं सांगितलं नाही तो स्वल्पविराम स्वतःहून घालू नका.